राजा गेला आणि आमचं फाटक धोक्यात आलं

देशाच्या संरक्षणाची जबाबदारी सीमेवरच्या जवानांवर असते, असा माझा बरीच वर्षं समज होता. सणसवाडीच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला कारकून म्हणून लागलो आणि तो समज दूर झाला. ही जबाबदारी आमच्या एक नंबरच्या फाटकावर होती. आम्ही गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लोखंडी तुकडे बनवायचो. ते शत्रूच्या हाती लागले असते तर त्यानं त्यांचं काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण आमच्या सिक्युरिटी ऑफिसरांना ते ठाऊक असावं.

ते लष्करातून निवृत्त झालेले, कासुर्डीचे. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणायचे. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांची रेशनच्या गोदामात गेली होती, पण गोदाम कुठल्या सीमेजवळ होतं हे ते आवर्जून सांगायचे. सकाळची पाळी आत गेली की ते माझ्या टेबलावर पेपर पसरायचे आणि गावच्या, जिल्ह्याच्या बातम्या ओलांडून थेट परदेशाच्या पानावर जायचे. शेजारच्या देशात सरकार बदललं की पहिला धक्का आपल्याला बसतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. धक्का बसायचाच. फक्त तो सुभेदारसाहेब द्यायचे.

मी कामाला लागलो त्याच वर्षी पाकिस्तानात लष्करानं सरकार उलथवलं. उन्हाळ्यात सीमेवर लढाई होऊन गेली होती, त्यामुळं माणसं आधीच तापलेली. तिकडं सेनापती खुर्चीवर बसला आणि इकडं कामगारांचे जेवणाचे डबे फाटकावर उघडून बघायचा हुकूम निघाला. पंधरा दिवस डबे उघडले गेले. शत्रूचं काही सापडलं नाही, पण कुणाच्या घरी काय शिजतं हे सगळ्या कंपनीला कळलं. पेंट शॉपमधल्या एकाच्या डब्यात रोज नुसती चटणी-भाकरी निघायची. चौथ्या दिवशी त्यानं डबा आणणंच बंद केलं आणि आपले उपास चालू आहेत असं सांगितलं. देशाचं एवढं रक्षण झालं.

आमचं कँटीन शिरूरचे एक गृहस्थ चालवायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या घराण्याला शिरुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. सुभेदारसाहेबांनी त्यांच्याकडं कँटीनमधल्या सगळ्यांची मूळ गावं लिहून मागितली. चाचांनी यादी आणून दिली. स्वतःच्या नावापुढं त्यांनी लिहिलं होतं, मूळ गाव शिरूर, त्याआधीचं गाव शिरूर. यादी फायलीला लागली. मला चहा देताना चाचा एवढंच म्हणाले, "तिकडं कोण बी बसू द्या, यादी आमचीच निघती." मी हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला त्या वेळी विचारायचं सुचलं नाही.

त्याच सुमारास फाटकावर एक नेपाळी माणूस आला. सगळे त्याला गुरखा म्हणायचे. मस्टरवर त्याचं खरं नाव होतं. मी ते रोज बघायचो आणि तरी त्याला गुरखाच म्हणायचो. बुटका, रुंद हाडाचा, बोलायला कमी. आला तेव्हा त्याला फक्त हिंदी यायची. सणसवाडीत एका शेतकऱ्यानं रानात बांधलेल्या खोल्यांपैकी एकीत तो राहायचा आणि मराठी शिकला ती घरमालकिणीकडून. त्यामुळं काही वर्षांत तो माझ्यापेक्षा अस्सल बोलायला लागला. मी ऑफिसात 'आहे, नाही' म्हणायचो, तो फाटकावर 'हाय, न्हाई' म्हणायचा. पुण्याहून आलेल्या साहेबांना वाटायचं, गावचा तो आणि बाहेरचा मी.

नऊ वर्षं तो फाटकावर होता. एकदा भंगाराच्या ट्रकमध्ये नवे कोरे तुकडे भरून चालले होते, ते त्यानं पकडले होते. ट्रकवाल्यानं मोठ्या माणसाचं नाव सांगितलं, तर यानं त्या मोठ्या माणसालाच फाटकावर बोलवा म्हणून सांगितलं. मोठा माणूस आला नाही, ट्रक परत आत गेला. या कामाबद्दल त्याला दिवाळीत सगळ्यांना मिळाला तेवढाच मिठाईचा डबा मिळाला.

मग नेपाळात राजा गेला. त्याआधी दोन-तीन वर्षं तिथं गोंधळ चालू होताच. राजानं सगळी सत्ता हातात घेतली, लोक रस्त्यावर आले, डोंगरात लाल झेंड्याखाली बंदुका घेऊन लढणारे खाली उतरून निवडणुकीला उभे राहिले. आणि ते जिंकले. राजवाड्यातून राजा बाहेर पडला आणि कालपर्यंत ज्यांच्या डोक्यावर इनाम होतं ते मंत्री होऊ घातले. सुभेदारसाहेबांनी ती बातमी माझ्या टेबलावर उभ्यानंच वाचली, मग बसून पुन्हा वाचली. शेवटी चष्मा काढून म्हणाले की आपल्या फाटकावर त्यांचा माणूस बसलाय.

मी म्हणालो, तो तर नऊ वर्षांपासून बसलाय. ते म्हणाले, तेच तर.

मीटिंग झाली. प्लँट मॅनेजर पुण्याहून यायचे आणि कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवायचे नाहीत. त्यांना त्या वेळी कामगारांच्या युनियनची धास्ती होती, त्यामुळं लाल रंगाचा विषय निघताच त्यांनी खुर्ची पुढं ओढली. गुरख्याचे कागद मागवले गेले. त्यानं आपला नागरिकतेचा दाखला आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला. त्यावर डोक्याला लिहिलं होतं, श्री ५ को सरकार. मॅनेजरांनी विचारलं, बाकीचे चार कोण? गुरख्यानं सांगितलं की ते राजाचं बिरुद आहे, त्याच्या नावाआधी पाच वेळा श्री लागतो. मॅनेजर जरा वेळ विचारात पडले. मग त्यांनी निष्कर्ष काढला की हे सरकार आता अस्तित्वात नाही, तेव्हा हा दाखलाही अस्तित्वात नाही. दाखला त्यांच्या हातातच होता.

मला गुरख्याला घेऊन पोलीस ठाण्यात पाठवण्यात आलं. तिथले हवालदार शहाणे होते. त्यांनी सांगितलं, नेपाळच्या माणसाला आपल्याकडं यायला, राहायला, काम करायला परवाना लागत नाही. याच्यावर इथं काही गुन्हा नाही, तसं लिहून देतो. तिकडचं काय ते तिकडचं सरकार सांगेल. "नऊ वर्षं तुमच्यापाशी हाय ना? मग तुमीच सांगा आमाला, कसा हाय," असंही ते म्हणाले. ही शेवटची सूचना मी ऑफिसात सांगितली, पण ती कुणी लिहून घेतली नाही.

हवालदारांच्या पत्रातून सुभेदारसाहेबांना एकच वाक्य पसंत पडलं, तिकडचं तिकडचं सरकार सांगेल. हुकूम निघाला. गुरख्यानं गावी जावं आणि आपला त्या बंडखोर पक्षाशी काही संबंध नाही असा दाखला तिकडच्या नव्या सरकारकडून आणावा. नवं सरकार त्याच पक्षाचं होतं, ही गोष्ट मीटिंगमध्ये कुणालाच खटकली नाही. मलाही नाही. पत्र मीच टाइप केलं.

गाडी दौंडहून होती. माझी दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि माझं राहू हे गाव वाटेवरच, म्हणून मी त्याला मोटरसायकलवर घेतलं. दुपारी आमच्या घरी जेवायला थांबलो. आईनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. माझे वडील, ज्यांना घरात-गावात सगळे आप्पा म्हणतात, ते त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी कामाचे प्रश्न विचारले. गावाकडं काय पिकतं, पाणी कुठून येतं, मेंढरं असतात का. मेंढरं असतात म्हटल्यावर आप्पांचा चेहरा खुलला. आम्ही आता ऊस लावणारे, पण आप्पांच्या लहानपणापर्यंत आमचं घर मेंढरांमागं फिरत होतं. लोकरीवर त्या दोघांचं बराच वेळ चाललं.

मग आप्पांनी विचारलं, एवढ्या लांबचा गाव सोडून हिकडं कसा आलास? हा प्रश्न नऊ वर्षांत मी त्याला कधी विचारला नव्हता. मस्टरवर तो रकाना नव्हता.

तो शांतपणे सांगत गेला. डोंगरातल्या त्याच्या गावात लढणारे आले आणि त्यांनी फर्मान काढलं, घरटी एक माणूस आमच्यात द्या. त्याच्या घरात तोच एक जाण्याजोगा होता. तो रानात लपला. चार दिवसांनी राजाचे पोलीस आले. हा घरात नाही म्हणजे बंडखोरांना मिळाला, असं समजून त्यांनी त्याच्या बापाला अंगणात मारलं. बाप वाचला, पण त्याचा एक हात पुन्हा वर गेला नाही. राहिला तर हे नेणार, सापडला तर ते मारणार. त्याच्या आईनं त्याला मक्याचं पीठ बांधून दिलं आणि म्हणाली, हिंदुस्थानात जा, तिथं कुणी विचारत नाही.

आप्पा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "आमाला बी गावोगाव पाटील विचारायचा, कुठले रं तुमी. आमचा बाप सांगायचा, आज हितले हाय." आईनं त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

दौंड स्टेशनवर मी त्याला विचारलं की ज्यांच्यापासून पळालास त्यांच्याकडंच आता दाखला मागायला जाणार, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "भीती वाटती. पर फाटकावरची जागा चांगली हाय." जनरलच्या डब्यात तो चढला, दारातच उभा राहिला. मी त्याला गाडीत खायला केळी घेऊन दिली आणि आपण बरंच काही केलं अशा समाधानात घरी आलो.

दीड महिना तो आला नाही. सुभेदारसाहेब रोज आठवण काढायचे. बघा, गेला तो गेला, सामील झाला असणार. त्याच्या जागी फाटकावर एका एजन्सीचे दोन गार्ड आले. त्यांच्या खांद्यावर सुभेदारसाहेबांपेक्षा जास्त पट्ट्या होत्या. त्यातला एक आल्या-गेल्या प्रत्येक मोटारीला सलाम ठोकायचा, आत कोण आहे हे न बघता. साहेब लोकांना तो फार आवडला.

मग एका सकाळी गुरखा परत आला. वाळला होता. पण दाखला आणला होता. गावची सरकारी कचेरी लढाईत जळून गेली होती. तिथला सचिव जिल्ह्याच्या गावी बसत होता आणि तो म्हणाला, पक्षाच्या भागप्रमुखाचं लिहून आण, त्याशिवाय मी सही करणार नाही. भागप्रमुख निघाला याच्याबरोबर शाळेत बसणारा, त्या काळी याला न्यायला आलेल्यांमध्ये असलेला. त्यानं याला दोन तास बाहेर बसवलं आणि मग आत बोलावून चहा पाजला. तुला खरंच आम्ही तुझे नाही असा कागद पाहिजे? असं विचारून तो खूप हसला. मग लिहून दिलं. याचा आमच्या पक्षाशी काही संबंध नाही, लढाईच्या काळात हा पळून गेला होता. खाली पक्षाचा शिक्का मारला, विळा-हातोड्याचा.

मीटिंग पुन्हा बसली. कागद देवनागरीत होता, त्यामुळं प्रत्येकाला वाटलं आपल्याला वाचता येतोय. गुरखा अर्थ सांगायला लागला, तर मॅनेजरांनी थांबवलं. ज्याची चौकशी चालू आहे त्यानंच पुरावा वाचून दाखवायचा, हे त्यांना नियमात बसत नाही असं वाटलं. सुभेदारसाहेबांनी कागद घेतला. ते बोट ठेवून वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. 'पार्टीसँग' हा शब्द त्यांना कळला. पुढचा 'सम्बन्ध' हाही कळला. त्यापुढं होतं 'छैन'.

"छैन म्हंजी न्हाई," गुरखा म्हणाला. "संबंध न्हाई."

"आणि नुसतं छ म्हणजे?"

"हाय."

"मग छ तर आहेच की यात," सुभेदारसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद मॅनेजरांपुढं सरकवला.

मॅनेजरांनी अक्षराकडं पाहिलंच नाही, शिक्क्याकडं पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की ज्याचा पक्षाशी संबंध नाही त्याच्याकडं पक्षाच्या शिक्क्याचा कागद येईल कसा? मी मान हलवली. मान हलवताना मला राहूच्या घरी ऐकलेलं सगळं आठवत होतं, त्याच्या बापाचा हात, मक्याचं पीठ, सगळं. मी सांगू शकलो असतो. तिथं चौघे होतो, दार बंद होतं, माझ्या पुढ्यात पेन होतं. पण माझी पगारवाढ पुढच्या महिन्यात होती आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या मामल्यात कारकुनानं तोंड घालू नये, असं मी स्वतःला समजावलं. मला बाहेर बसून टिपण लिहायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून असली कामं माझ्याकडंच यायची. मी लिहिलं, सदर रक्षकाची पार्श्वभूमी शंकास्पद असल्यानं त्यास कामावर ठेवणं कंपनीच्या हिताचं नाही.

त्याला सांगण्यात आलं. तो भांडला नाही. त्यानं फक्त आपला कागद परत मागितला. तो फायलीला लागला होता आणि फाइल आता गोपनीय झाली होती. त्यानं झेरॉक्स मागितली. मॅनेजर द्या म्हणाले. मी फाइल झेरॉक्सवाल्याकडं पाठवली आणि आलेले कागद न बघता पाकिटात घालून त्याच्या हातात दिले. नऊ वर्षं फाटक धरून उभा असलेला माणूस दोन नंबरच्या फाटकानं बाहेर गेला, कारण एक नंबरच्या फाटकावरच्या नव्या गार्डनं त्याचा बाहेर जायचा पास मागितला आणि पास बनवायला वेळ लागणार होता.

चाचांनी त्याला नेलं. त्यांच्याकडं तेव्हा शिरुरात एका वसतिगृहाच्या जेवणाचं काम आलं होतं. त्यांनी कोठाराच्या किल्ल्या याच्याकडं दिल्या. मी चाचांना विचारलं की कंपनीनं काढलेला माणूस ठेवला तर तुमच्यावर बोट नाही का येणार. चाचा म्हणाले, बोट आमच्यावर आधीच आहे, एकाची दोन झाली तरी यादी तेवढीच राहील.

कंपनीचं सांगायचं तर तिच्यावर हल्ला झाला नाही. सुभेदारसाहेब निवृत्त होईपर्यंत हे अभिमानानं सांगत, बघा, त्याला काढल्यापासून काही घडलं नाही. त्याआधीच्या नऊ वर्षांतही काही घडलं नव्हतं, पण ते बेसावध असताना घडलं नव्हतं, त्यामुळं ते मोजायचं नसतं. भंगाराचे ट्रक मात्र आता सुरळीत बाहेर जाऊ लागले. त्यांना सलामही मिळायचा.

वर्षभरानं मी कामानिमित्त शिरूरला गेलो आणि वसतिगृहात डोकावलो. तो तांदूळ निवडत बसला होता. उठला, खुर्ची दिली, चाचांच्या घरून आलेला शिरखुर्मा पुढं ठेवला. ईद होऊन दोनच दिवस झाले होते. मी त्याच्या बापाची चौकशी केली. मग इकडचं तिकडचं बोलत राहिलो, आणि बोलता बोलता म्हणालो की त्या वेळी वरून हुकूम आला, आमच्या हातात काही नव्हतं.

तो उठला. मग आत जाऊन पाकीट घेऊन आला. झेरॉक्सवाल्यानं फायलीतला सगळाच गठ्ठा काढला होता. पक्षाच्या कागदाच्या मागं माझं टिपण होतं, माझ्या चांगल्या अक्षरात.

"आमच्या भाषेत बी ह्योच शब्द हाय," तो म्हणाला आणि शंकास्पद या शब्दावर त्यानं बोट ठेवलं. "ह्याचा अर्थ कुणाला इचारावा लागला न्हाई."

मला वाटलं आता तो काही बोलेल, निदान विचारेल तरी. त्यानं कागदाची घडी घातली आणि शिरखुर्मा गार होतोय म्हणून सांगितलं. मी तो खाल्ला. चांगला झाला होता. खाताना मी त्याला त्याच्या नावानं हाक मारावी असं ठरवलं. नाव मला पाठ होतं, नऊ वर्षं रोज वाचलेलं. पण ते तोंडातून निघेना. मी वाटी धुवायला उठलो, तर त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली, मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि सणसवाडीकडं जाणारी जीप थांबवून ड्रायव्हरला, साहेबांना नीट सोडा, असं सांगितलं.